पाणी आधी, फूल मागाहून

घरात काचेची पेटी असावी, तीत समुद्राचे पाणी असावे, आणि त्या पाण्यात एखादे समुद्रपुष्प आपल्या संस्पर्शकांचा झुबका हलकेच डोलवीत बसलेले असावे, अशी हौस अलीकडे आपल्या घरांतूनही दिसू लागली आहे. हौस वाईट नव्हे. ज्याला सुंदर वस्तूची ओढच वाटत नाही, त्याच्या हातून सुंदर वस्तूचे रक्षण तरी कसे व्हावे? परंतु या हौसेपोटी एका मुक्या जिवाचे काय होते, याचा विचार विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी एकदा करावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो? अपराध्याच्या अधिकाराने. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन हणजुण्याच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलो होतो. आमच्या घरच्या कोंकणीत जिला ‘सुकती’ म्हणतात, ती ओहोटीची वेळ. खडकातील एका डबक्यात मुलांना समुद्रपुष्प दिसले. ते बरोबर नेण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि आम्ही तो पुरवला. चाकूच्या टोकाने ते खडकापासून सोडवले, बरणीत घातले आणि शाळेत आणून ठेवले. मुलांनी प्रेमाने त्याला दिवसातून चारचारदा कोळंबीचे तुकडे घातले. तिसऱ्या दिवशी ते आक्रसले, पाणी गढुळले. एका लहानग्याने विचारले, “सर, तें अजून जितें आसा मू?” आम्ही होय म्हणालो. सोमवारी वर्ग उघडला, तेव्हा दुर्गंधीनेच खरे उत्तर दिले.

समुद्रपुष्प हे नावापुरतेच फूल. वस्तुतः तो प्रवाळाच्या कुळातला प्राणी आहे. तळाच्या चकतीने तो खडकाला घट्ट धरून राहतो. ती चकती फाटली की जखम चिघळते. आम्ही चाकू लावला तेव्हाच निम्मे काम झाले होते. उरलेले निम्मे आमच्या प्रेमाने केले. न खाल्लेली कोळंबी कुजते, तिच्यातून अमोनिया सुटतो, आणि बरणीभर पाण्याला तेवढे विष पुष्कळ होते. समुद्र अफाट असल्यामुळे त्याला आपल्या चुका पचतात. बरणीला पचत नाहीत.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, समुद्रपुष्प पाळणे म्हणजे खरोखर पाणी पाळणे होय. टाकीतील दगडांवर व वाळूवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. हे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि अधूनमधून थोडे पाणी बदलून ते कमी करता येते. ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. पाण्याला खरे स्थैर्य यायला सहा महिने आणि कधी त्याहून अधिक. तोवर त्या टाकीत समुद्रपुष्प सोडू नये.

दुसरी गोष्ट क्षारांची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तर नकोच. तिसरी गोष्ट उजेडाची व उष्णतेची. उष्ण समुद्रांतील अनेक समुद्रपुष्पांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने यजमानासाठी अन्न तयार करते. उजेड अपुरा पडला किंवा पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्राणी पांढराफटक पडतो. बाजारात तो पांढरा रंग पाहून कोणी भुलू नये. ते सौंदर्य नव्हे, आजार आहे. अशा टाकीचे पाणी 24 ते 26 अंशांच्या आसपास राखावे लागते. वैशाखात आपल्या घरांचे तापमान काय असते आणि वीज किती वेळा जाते, हे ज्याने त्याने आठवावे.

एवढी निगा राखली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल या स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञाने 1828 साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले. ती थंड किनाऱ्यावरची काटक जात होती. त्याचे पाणी नित्य बदलले जाई आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा शिंपला एवढेच त्याला खायला मिळे. डॅलिएल 1851 साली वारले. समुद्रपुष्प मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात 1887 पर्यंत जगले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई म्हणत. एका साध्या काचेच्या भांड्यात सुमारे साठ वर्षे! महागडी यंत्रे नव्हती. नियम मोडला जात नव्हता, एवढेच.

त्याच देशात उलट उदाहरणही घडले. फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 सालच्या मत्स्यालयावरील ग्रंथाने घरोघरी टाक्यांची लाट उसळली. पुढे 1907 साली त्यांचा मुलगा एडमंड याने आपल्या आठवणींत खंत व्यक्त केली की, संग्राहकांच्या झुंडींनी बालपणीची ती खडकांतली डबकी उजाड करून टाकली. बापाने प्रेमाने दाखवलेले वैभव प्रेमिकांनीच लुटले.

कोणी म्हणेल, मुलांनी मग काही पाळूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहणाऱ्या विदूषक माशांची पैदास आता टाक्यांत होते आणि टाकीत ते समुद्रपुष्पाशिवायही सुखाने राहतात. काही जातींची समुद्रपुष्पेही टाकीत आपोआप दुभंगून वाढतात. ज्याची तयारी पुरी आहे, त्याने तशीच घ्यावीत. खडकावरचे ओरबाडू नये.

मुलांपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवतो. येत्या वर्षी शाळेत खाऱ्या पाण्याची टाकी मांडावी. सहा महिने तीत दगड, वाळू आणि पाणी यांखेरीज काही नसावे. रोज एकाने क्षार व तापमान मोजून वहीत लिहावे. सहा महिन्यांत एकही दिवस कोरा राहिला नाही, तर समुद्रपुष्प आणण्याचा विचार करू. दिवस कोरा राहिला, तर निमूटपणे सुकतीच्या वेळी हणजुण्यास जाऊ, डबक्याकाठी बसू आणि ते जेथे आहे तेथेच डोळे भरून पाहू. त्या लहानग्याच्या प्रश्नाला तेव्हा तरी आम्हांला खरे उत्तर देता येईल.