पप्पांसोबत ओल्ड गोव्याला

एक सोपा प्रश्न. तुम्ही आणि तुमचे वडील, असे दोघंच, शेवटचे कधी कुठं गेला होतात? अ‍ॅडमिशनच्या रांगेत, लायसन्ससाठी आरटीओत, आजीला अ‍ॅडमिट केलं तेव्हा हॉस्पिटलात, हे धरायचं नाही. काही काम नसताना, दोघंच, मुक्कामाला.

बहुतेकांना आठवणार नाही. आईबरोबर मावशीकडे जाणं होतं, मित्रांबरोबर अलिबाग-लोणावळा होतं. फॅमिली ट्रिपच्या फोटोंत वडील नसतातच, कारण फोटो तेच काढत असतात.

मी वसईचा. आमच्या ख्रिस्ती घरांत मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या आणि वडिलांच्या मधे आणखी एक गोष्ट येऊन बसते, ती म्हणजे रविवारची मिस्सा. कुठल्याही चर्चच्या आवारात रविवारी सकाळी चक्कर मारा. आत पुढच्या बाकांवर आज्या, मधे लहान पोरं घेऊन आलेली कुटुंबं, मागे उभे असलेले उशिरा आलेले लोक. आणि बाहेर झाडाखाली, बाइकच्या सीटला टेकून, हातात मोबाइल घेतलेली अठरा ते बावीस वयाची पोरं. तांत्रिकदृष्ट्या ती ‘मिस्सेला गेलेली’ असतात. घरी आल्यावर पप्पा विचारतात, ‘आजचं शुभवर्तमान कशावर होतं?’ पोरानं ते गुगल करून ठेवलेलं असतं. पप्पांना ते माहीत असतं. पोराला माहीत असतं की पप्पांना माहीत आहे. मग दोघंही मुकाट्यानं जेवतात.

हे असं वर्षानुवर्षं चालतं. मग पोरगा कॅनडाला किंवा आखातात जातो. विमानतळावर पप्पा त्याच्या कपाळावर क्रूस काढतात आणि हातात जपमाळ देतात. पण तुझा विश्वास आहे का, आणि पप्पा तुमचा खरंच आहे का, हा प्रश्न दोघांनीही एकमेकांना कधी विचारलेला नसतो. मला यात त्या बाइकवरच्या मिस्सेपेक्षा जास्त धोका वाटतो. श्रद्धा गेली तर ती परत येऊ शकते, पण इतकी वर्षं एकमेकांसमोर नाटक करण्याची सवय लागली की ती सहजासहजी जात नाही.

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल चर्चेसमध्ये यावर एक तोडगा चांगलाच रुळलाय. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की वडिलांनी त्याला वीकेंडला बाहेर न्यायचं. तंबू, शेकोटी, मासेमारी आणि सोबत छापील पुस्तिका. एका सत्रात शरीरात होणारे बदल, एकात मुली, एकात मोह, एकात प्रार्थना आणि चारित्र्य. कल्पना वाईट नाही. निदान बाप-लेक एका तंबूत झोपतात. पण सिलॅबस असलेल्या ट्रिपला मी ट्रिप म्हणणार नाही, ती निवासी ट्यूशन झाली. शिवाय तुम्ही आता बारा वर्षांचे नाही. जे सांगायचं ते पप्पांनी सांगायचं आणि तुम्ही मान डोलवायची, हे वय गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ट्रिप काढा, पण ती तुम्ही काढा. आणि ख्रिस्ती असाल तर ओल्ड गोव्याला जा.

ओल्ड गोवाच का? एक तर ते फार लांब नाही. वसई रोडहून कोकण रेल्वेची गाडी पकडायची, करमळीला उतरायचं. दुसरं म्हणजे बॉम जीझस बॅसिलिकात ज्याची शवपेटी आहे तो संत फ्रान्सिस झेवियर. त्याचं फेस्त ३ डिसेंबरला असतं, आधीचे नऊ दिवस नोव्हेना. या दिवसांत बेळगावकडून, सिंधुदुर्गातून लोक चालत येतात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात वारी आहे त्यांना हे समजवावं लागणार नाही. वारीत कुणी कुणाला ‘चल, तुला श्रद्धा शिकवतो’ म्हणत नाही. बाप पुढे चालतो, पोरगा मागे, पाय दुखायला लागले की दोघंही एकाच झाडाखाली बसतात आणि मग बोलणं निघतं. चालताना माणसं समोर बघत बोलतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बाप-लेकांसाठी ही फार मोठी सोय आहे.

आता झेवियरबद्दल. धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्ही ऐकलाय तो चमत्कार करणारा, हातात क्रूस घेतलेला झेवियर. मला त्याचा आधीचा भाग जास्त आवडतो. स्पेनच्या उत्तरेला नावार्र नावाचं छोटं राज्य होतं, तिथला हा मुलगा. १५०६ चा जन्म. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. तोवर राज्यही कॅस्टिलनं गिळलेलं. एकोणिसाव्या वर्षी तो पॅरिसला कॉलेजात गेला. हुशार, खेळात पुढे, नाव कमवायची हौस. तिथं त्याच्या खोलीत एक रूममेट आला. वयानं पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला, सतत देवाच्या गोष्टी करणारा. झेवियरला तो सुरुवातीला अजिबात आवडला नाही. तो रूममेट म्हणजे इग्नेशियस लोयोला. पुढं १५३४ मध्ये या दोघांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी मिळून माँमार्त्रच्या टेकडीवर शपथ घेतली आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला. १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्यात उतरला. पुढच्या दहा वर्षांत मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान असा फिरत राहिला आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, चीनमध्ये पाऊल टाकायच्या आतच, वारला.

म्हणजे हा माणूस हॉस्टेलच्या खोलीत बदलला. वडील नव्हतेच. हे पप्पांना गाडीत सांगून बघा, त्यांनाही बहुधा नवीन असेल.

पण गोष्ट इथं थांबत नाही, आणि ट्रिपचा खरा कस पुढेच लागतो. याच झेवियरनं १५४६ मध्ये मोलुक्का बेटांतून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणायची मागणी केली होती. ते आलं १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. धर्मांतर केलेले ज्यू, गोव्यातले नवख्रिस्ती, हिंदू, अशा कितीतरी जणांनी त्या न्यायासनाचा छळ सोसला. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल तर हे वाचलेलं असेल. नसाल तर कुठल्या तरी रीलमध्ये अर्धवट ऐकलं असेल, बहुतेक वेळा शिवीच्या सुरात.

बॅसिलिकाच्या बाहेर, त्या गिलावा नसलेल्या लाल जांभ्याच्या भिंतीपाशी उभं राहून पप्पांना हे विचारा. चिडवायला नको, खरंच विचारा. ‘पप्पा, यानं असं पत्र लिहिलं होतं. तरी आपण याच्यासमोर मेणबत्ती लावायची?’

काही वडील म्हणतील, जुन्या गोष्टी उकरू नकोस. काही म्हणतील, देवळात आल्यावर असलं बोलायचं नाही. पण काही थांबतील. म्हणतील, ‘हे मला माहीत नव्हतं. पटतही नाही. पण मी इथं का येतो ते सांगतो.’ आणि मग ते जे सांगतील, ते तुम्ही आजवरच्या एकाही प्रवचनात ऐकलेलं नसेल. कदाचित आजोबांच्या आजारपणात केलेला नवस असेल. कदाचित तुमच्या जन्माच्या वेळचं काही. कदाचित इतकंच, की त्यांचे वडील त्यांना इथं घेऊन आले होते.

प्रश्न विचारले की श्रद्धा मोडते, असं आमच्याकडे बऱ्याच घरांत मानतात. मला हे कधी समजलं नाही, कारण शुभवर्तमानात खुद्द येशूच्या पोरवयातली जी एकच गोष्ट आहे, तीही घरच्यांबरोबरच्या यात्रेचीच आहे. बारा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर सणाला जेरुसलेमला जातो. परतताना एक दिवस चालून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं, पोरगा बरोबर नाही. शोधत मागे येतात तर तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, शास्त्र्यांच्या मधे बसून त्यांना प्रश्न विचारत. आई रागावते, आणि तो जे उत्तर देतो ते दोघांनाही कळत नाही. लूकनं हे सरळ लिहून ठेवलंय. तरीही ते तिघं एकत्रच घरी जातात.

आता चारित्र्य. हा शब्द आपल्याकडे दाखल्यावर असतो. कॉलेज देतं, पोलीस ठाणं देतं, आणि देणारा तुम्हाला ओळखत असायलाच हवा असं काही नाही. ट्रिपमध्ये मात्र दाखला लपत नाही. खानावळीत पाणी सांडणाऱ्या पोराशी पप्पा कसे बोलतात, टॅक्सीवाल्यानं चुकून जास्त पैसे परत दिले तर काय करतात, लॉजमध्ये गरम पाणी नसेल तर कुणावर ओरडतात, हे तुम्ही बघताच. तेही तुम्हाला बघत असतात, हे विसरू नका. तुम्ही बॅग कुणाला उचलायला लावता, मैत्रिणीचा फोन आला की काय खोटं सांगता.

आणि काही प्रश्न गोव्याचे नसून वसईचेच असतात, पण ते वसईत विचारता येत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चांत आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण चालले. त्यातल्याच काहींनी पुढे वाडी विकली. कुणाच्या घरात आजारपण होतं, कुणाला मुलांचं शिक्षण करायचं होतं, कुणाला बंगला हवा होता. तुम्ही ज्या फ्लॅटमध्ये राहता तो कशाच्या जागेवर उभा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती सही करताना पप्पांना काय वाटलं होतं, हे ठाऊक आहे का? श्रद्धा आणि चारित्र्य यांची गाठ पडते ती अशा सहीपाशी. पुस्तिकेतल्या ‘मोह’ या धड्यात सात-बाराचा उतारा नसतो.

उलटंही खरं आहे. तुमच्याकडेही सांगायचं असेल. ‘पप्पा, दोन वर्षं मी आत येत नाही, बाहेरच असतो.’ किंवा थेट, ‘माझा विश्वास नाही.’ घरी हे वाक्य उच्चारलं की शेजारची आंटी, मावशी, फादर, सगळे पंचायतीला बसतील. मांडवीच्या काठावर फक्त एका माणसाला ते ऐकायचं आहे. त्याला दुखेल. दुखू दे. खोट्या शुभवर्तमानापेक्षा हे बरं, आणि माझ्या मते ख्रिस्ती माणसाला शोभणारंही हेच आहे.

मुलींनी आतापर्यंत वाचून कपाळाला हात लावला असेल, की सगळं बाप-लेकाचंच का? रास्त आहे. आमच्याकडे मुलीला वडिलांबरोबर एकटं फिरायला मिळतं ते लग्न ठरवण्याच्या काळात, दागिने बघायला. तुम्ही आधी तिकीट काढलंत तर मी तुमच्या बाजूनं आहे. आणि ज्यांचा धर्म वेगळा त्यांनी ओल्ड गोव्याच्या जागी पंढरपूर, अजमेर, दीक्षाभूमी जे असेल ते लिहावं. तिथंही एखादा प्रश्न पप्पांसाठी थांबलेला असेलच.

थोडं व्यवहाराचं. फेस्ताच्या दिवशी गर्दी इतकी असते की तुम्ही एकमेकांना शोधण्यातच दिवस घालवाल, लूकच्या गोष्टीसारखा. त्यापेक्षा नोव्हेनातला मधला एखादा दिवस गाठा, सेमिस्टरचं टाइमटेबल बघून. पप्पांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नका, ते थम्स-अप पाठवून विसरतील. जेवताना विचारा. आधी म्हणतील, ‘कशाला? खर्च किती? आईला घेऊन जा.’ दुसऱ्या दिवशी परत विचारा. तिकीट तुम्ही काढा, पैसे त्यांचे असले तरी चालेल. कन्फर्म मिळालं तर ठीकच. आरएसी मिळालं तर त्याहून छान, कारण मग एकाच साइड लोअरवर दोघं, पाय आखडून, करमळीपर्यंत.