जमिनीची जाडी आणि खोलीची ऊब

ब्रिटनमधील घरांच्या बागेत बांधल्या जाणाऱ्या उष्णतारोधक लाकडी खोलीचा आराखडा उंचीपासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये अशी खोली कुंपणापासून २ मीटरच्या आत असेल, तर वेगळी नियोजन परवानगी न घेता तिची उंची २.५ मीटरपर्यंतच ठेवता येते. त्यातले सुमारे २१० मिमी छप्पर खाते. उरलेल्या उंचीत जमीन बसवायची आणि माणसाला वावरायलाही जागा ठेवायची. काटकसर नेमकी नको तिथे होते ती याच टप्प्यावर.

प्रचलित रचना कडीपाटाची आहे. जमिनीत पिळून बसवलेल्या पोलादी स्क्रूंवर ४७ × १४७ मिमीच्या कड्या, मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी अंतराने. कड्यांमध्ये १०० मिमी पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट) हा उष्णतारोधक फोम, वर २२ मिमीचा ओलावारोधक चिपबोर्ड आणि १४ मिमीची लाकडी फरशी. कड्यांखाली १५० मिमी मोकळी, हवा खेळती राहणारी पोकळी ठेवावी, असे तेथील बांधकाम नियमांची मार्गदर्शिका सांगते. १५ चौरस मीटरपर्यंतच्या, झोपण्याची सोय नसलेल्या खोलीला हे नियम सहसा लागू होत नाहीत. पण लाकूड कुजण्याची कारणे त्यामुळे बदलत नाहीत. सर्व थरांची बेरीज ३३३ मिमी होते आणि आत जेमतेम १.९५ मीटर उंची उरते. मग पोकळी ५० मिमीवर आणली जाते. तिथे पालापाचोळा साचतो, वारा अडतो आणि कडेच्या कड्या आधी ओल धरतात. ही काटकसर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

कुंपणाजवळच्या खोलीला काँक्रीटचा स्लॅब अधिक योग्य. १०० ते १५० मिमी खडीचे सोलिंग दाबून त्यावर वाळूचा पातळ थर, ३०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद आणि १०० मिमी स्लॅब. स्लॅबचा माथा भोवतालच्या मातीच्या पातळीला. कडेने विटांचे दोन थर रचले की १५० मिमीचे जोते तयार होते. त्यावर ओलरोधक पट्टी आणि मगच भिंतीचे लाकूड, म्हणजे पावसाचे शिंतोडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. फोम, चिपबोर्ड व फरशी मिळून १३६ मिमी होतात आणि ते जोत्याच्या आतच मावतात. आतली उंची २.१५ मीटर मिळते. फोम अखंड राहतो. विटांच्या आतल्या बाजूने २५ मिमीची उभी पट्टी मात्र विसरू नये, नाहीतर कडेने थंडी शिरते.

कडीपाटात हा अखंडपणा आपोआप येत नाही. लाकूड पीआयआरच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेते. कड्या क्षेत्राचा १२ टक्केच भाग व्यापतात, पण १०० मिमी जाडीच्या थराचा हिशेब केला तर बाहेर जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ४४ टक्के त्यांच्यातून जाते. म्हणून कड्यांमधला फोम जाड करत नेण्याऐवजी कड्यांच्या माथ्यावरून २५ मिमीचा सलग थर घालणे अधिक फायद्याचे.

कापणीतही बरेच काही हरवते. घट्ट ठोकून बसवलेला फोमचा ताव कडीच्या वाकड्या अंगाशी फट सोडतो. तो दोन्ही बाजूंनी ५ मिमी कमी कापावा, खालच्या पट्ट्यांवर टेकवावा, फटी फवारणीच्या फोमने भराव्यात आणि तो वाळल्यावर सपाट कापून घ्यावा. सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली की खोलीतली दमट हवा खालच्या गार लाकडापर्यंत जात नाही. चिपबोर्डच्या खाचा गोंदाने जोडाव्यात आणि भिंतीपाशी १० मिमी जागा सोडावी.

माती चिकण असेल आणि जवळ मोठे झाड असेल, तर निर्णय उलटतो. लंडनची चिकणमाती महाराष्ट्रातल्या काळ्या मातीसारखी पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. १९७६च्या अवर्षणात दक्षिण इंग्लंडमधील अनेक घरांचे पाये त्यामुळे खचले. अशा जागी पातळ स्लॅब तडकण्याचा धोका मोठा. तिथे माती हलते त्या थराच्या खाली पोहोचणारे लांब स्क्रू आणि त्यांवर कडीपाटच घ्यावा, आणि खोली कुंपणापासून २ मीटरहून आत सरकवावी. तेथे पागोळीची उंची २.५ मीटरच ठेवावी लागते, पण एका बाजूला उतरत्या छपराची वरची कड ३ मीटरपर्यंत नेता येते आणि खालची १५० मिमी पोकळी पूर्ण राखता येते.