गर्भाला वाटा आहे, दाद नाही

बाप मृत्युपत्र न करता वारला तेव्हा आईच्या पोटात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर बापाच्या मिळकतीत त्याला इतर भावंडांइतकाच हक्क मिळतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २०ने ही तजवीज करून ठेवली आहे. जमिनीची वाटणी निघाली की आम्हांला गर्भातले मूलही स्पष्ट दिसते. तेच मूल पोटात असताना कुणाच्या बेपर्वाईने अधू झाले, तर मात्र भरपाई मागायला आम्ही उठत नाही. आम्ही सुनेला विचारतो, ग्रहणात विळी हाती धरली होतीस का?

या एका प्रश्नाने कारखानदार सुटतो, मोटार हाकणारा सुटतो, औषध विकणारा सुटतो. आणि जिच्यावर घाव पडला, तीच आरोपी ठरते.

भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गरोदर स्त्रियांची पुढे पाहणी झाली, तेव्हा ४३ टक्के गर्भ जिवंत जन्मले नसल्याचे आढळले. हेही ग्रहणामुळेच झाले काय?

१९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जी मुले नंतर जन्मली, ज्यांची व्याधी अजून उघड व्हायची होती, त्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऑक्टोबर १९९१च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, अशा किमान एक लाख जणांचा आठ वर्षांसाठी वैद्यकीय विमा उतरवावा. मार्च २०२३मध्ये त्याच न्यायालयाला नोंदवावे लागले की, असा विमा केंद्र सरकारने उतरवलाच नाही, आणि हा घोर निष्काळजीपणा आहे. मधल्या ३१ वर्षांत सरकारे आली आणि गेली. आपण त्यांतल्या किती सरकारांना जाब विचारला? मुले झोपडपट्टीतली होती, म्हणून आपली जीभ जड झाली. त्या मुलांसाठी उभ्या राहिल्या त्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, स्वतः वायुपीडित असलेल्या दोन कामगार स्त्रिया. २००४मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी अपंग मुलांच्या उपचारांसाठी चिंगारी ट्रस्ट उभारला. सरकारची जबाबदारी पीडितांनीच पेलली, हे आपल्या सुशिक्षितपणाचे प्रगतिपुस्तक.

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बालके अधू जन्मल्यावर ब्रिटनने मात्र १९७६मध्ये कायदा केला. त्यानुसार गर्भात असताना दुसऱ्याच्या चुकीने इजा झालेले मूल जिवंत जन्मले की त्याला भरपाईचा दावा करता येतो. आईवर दावा करता येत नाही. अपवाद फक्त तिने वाहन चालवताना केलेल्या हयगयीचा. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मोटार अपघातात गर्भ दगावला तर काही उच्च न्यायालयांनी भरपाई दिली, पण ती त्या त्या न्यायमूर्तींच्या विवेकाची देणगी.

गर्भाचा हक्क म्हणताच काहींना गर्भवतीला बेड्या घालायचा मोह होतो. त्यांनी मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ‘कोयत्या’कडे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीकडे, पाहावे. पोटुशी बाई दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते, कारण आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते आणि कामावर न गेल्यास खाड्याचा दंड पडतो. त्या गर्भाला धोका आईकडून आहे की साखरेच्या नफ्याकडून? गर्भाचा हक्क आईच्या विरोधात उभा करणे ही शोषकाची चलाखी आहे. तो हक्क आई आणि मूल दोघांच्या वतीने, इजा करणाऱ्याविरुद्धच वापरला पाहिजे.

तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना विचारा: गर्भात इजा झालेल्या मुलाला दाद मिळवून देणारा आणि आईला अभय देणारा कायदा कधी आणणार? आणि घरात अधू मूल जन्मले, तर पंचांग उघडण्याआधी कारखान्याची, औषधाची, रस्त्याची चौकशी करा. पोटातल्या मुलाच्या सातबाऱ्याची काळजी करणाऱ्या समाजाने त्याच्या हातापायांची काळजी केली नाही, तर त्याला मुलांवर प्रेम करणारा समाज म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.