कोणतं खातं तुझं, डॉक्टर?



आपल्या वस्तीतलं पोट्टं मेडिकलला लागलं की आपण काय करतो? चौकात बॅनर लावतो. वर बाबासाहेब, खाली गळ्यात स्टेथोस्कोप घातलेलं पोट्टं. विहारात सत्कार, शाल, भाषणं. मग पाच वर्षं त्याला विसरतो. परत दिसला की एकच प्रश्न, "भाऊ, कोणती ब्रँच घेतो मंग?" बस्स. आपली चळवळ इथंच खलास.

मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगखात्यावर उभा राहणारा माणूस आहे. शाळा लवकर सुटली, जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. पण खातं म्हणजे काय भानगड असते ते मला पुस्तकाशिवाय कळतं. म्हणून लिहितो.

डॉक्टरकीची साडेचार वर्षं झाली की ५२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. २०२१ च्या नियमांनी तिची वाटणी ठरवून दिली आहे. मेडिसिन ६ आठवडे, सर्जरी ६, बाळंतपण आणि स्त्रीरोग ७, लहान मुलं ३, मानसोपचार २, भूल २, हाडं २, डोळे २, अपघात विभाग २. अशी सगळी खाती फिरायची. त्यातच एक आठवडा न्यायवैद्यकाचा, म्हणजे शवागाराचा. आणि १२ आठवडे समाजाचे, म्हणजे वस्तीचे, गावाचे, आरोग्य केंद्राचे. सगळ्यात लांब पोस्टिंग हेच. ५२ मधले १२. आणि सगळ्यात जास्त दांडी कुठे मारतात? इथंच. "सही मारून ये, बाकी वेळ नीट पीजीचा अभ्यास कर," असं सिनियर शिकवतो. आपलंही पोरगं तेच शिकतं.

थांबा. लगेच त्याच्यावर धावून जाऊ नका. आधी खात्याचा इतिहास ऐका.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारांनी होती. पण विणकामाच्या साचेखात्यात त्यांना घेत नव्हते. काहून? तर कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. महाराच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला विटाळ! पगार जास्त त्याच खात्यात. लाल बावट्याखाली "जगातल्या कामगारांनो एक व्हा" म्हणणारेही या विटाळापुढे गप्प होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. आमच्यासाठी साचेखातं उघडणार की नाही?

म्हणून कुणी म्हणत असेल, "तुम्ही कशाला सर्जन होता, जा की खेड्यात समाजसेवा करा," तर त्याचं थोबाड बंद करा. सर्जरी आमची, हृदय आमचं, मेंदूही आमचा. चांगल्या खात्याचं दार बाबासाहेबांनी ठोकलं ते आम्ही परत लावून घ्यायला नाही.

आणि हे दार आजही सरळ उघडत नाही. घटना लागू झाल्यावर मद्रासमध्ये आरक्षणाविरुद्ध कज्जा उभा राहिला तो मेडिकलच्याच जागेवरून. चंपकम दोराईराजन खटला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं जातवार जागा रद्द केल्या. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, १५(४) आलं. आपल्या पोराची आजची सीट त्या चार अक्षरांवर उभी आहे. २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल डॉ. सुखदेव थोरातांच्या समितीचा अहवाल आला. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत भेदभाव, वसतिगृहात वेगळं पाडणं, सगळं त्यात लिहिलं आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागात शिकणारी डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजाची, जळगावकडची पोर. तीन सिनियर डॉक्टरणी जातीवरून छळत होत्या, असा घरच्यांचा आरोप. तिघींना अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं. खात्यात शिरणं आणि खात्यात टिकणं या दोन वेगळ्या लढाया आहेत.

मेरिटवाले बोंबलतात, कोट्याच्या डॉक्टरनं पेशंट मरतो. लेकहो, प्रवेश कसाही झाला तरी पास व्हायचे मार्क सगळ्यांना तेच. आणि बापाच्या लाखो रुपयांवर खासगी कॉलेजात बसलेल्या पोराला तुम्ही मेरिट विचारता का कधी?

हे झालं त्यांचं. आता आपल्या घरात बोलू.

डॉक्टर भावा, तू वर्षभर सगळी खाती फिरतोस. मग डोळे उघडे ठेवून फीर. शवागाराच्या आठवड्यात बघ, प्रेत कोण उघडतं? कित्येक ठिकाणी सफाई कामगार कापतो आणि डॉक्टर लांब उभा राहून लिहितो. त्या कामगाराची जात विचारायची गरज पडत नाही. वॉर्डात रक्त पुसणारी बाई कोणत्या वस्तीतून येते? अख्खं हॉस्पिटल म्हणजे खातेवाटप आहे, आणि वाटप करणारा मनू अजून पगारी नोकरीत आहे.

आणि एक पेशंट बघ, तोही तुझ्यासारखाच खाती फिरतो. आपल्या विदर्भातला सिकलसेलचा पेशंट. हा रोग इथं कुणात जास्त? आदिवासींत, आणि आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते, आणि हाडं फोडल्यागत दुखतं. लहानपणी हातपाय सुजले म्हणून बालरोग विभाग. मोठेपणी रक्त कमी म्हणून मेडिसिन. बाई असली तर बाळंतपणात जिवाची भीती. खुब्याचं हाड सडलं की हाडांचा वॉर्ड. तू ५२ आठवडे फिरतोस, ती जन्मभर फिरते.

नरखेडच्या संत्र्याच्या बागेत उन्हात तोडणी करताना अशी पोरगी सावलीला बसली तर मालक म्हणतो, कामचुकार आहे. घरचे म्हणतात, आळशी आहे. कोणी म्हणते बाहेरचं आहे, मांत्रिकाकडं न्या. अंगात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. जलालखेड्याची असो की मोवाडची, शेवटी एकच चिठ्ठी, "नागपूरले न्या." नरखेडहून नागपूर ८० किलोमीटरच्या वर. गाडीभाडं म्हणजे मजुरीवर घाला.

चार थेंब रक्त लागतं. साधी चाचणी मिनिटांत सांगते की रक्तात सिकल आहे की नाही. रोगी की नुसता वाहक, हे पुढच्या तपासणीत कळतं. दोघं वाहक नवरा-बायको झाले तर दर बाळंतपणात चारात एक मूल रोगी व्हायचा धोका. आपण सोयरीक जुळवताना पोटजात विचारतो, हुंडा विचारतो, रक्त विचारत नाही! सरकारनं २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मिशन काढलं, त्याचा भर आदिवासी भागावर आहे. तो असायलाच पाहिजे. पण बौद्ध वाड्यांच्या दारावर टकटक कोण करणार?

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या काळ्या पोरांची बंदूक आणि काळं जाकीट आपल्याला पाठ आहे. पण त्याच ब्लॅक पँथरनं वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने काढले होते. सिकलसेल हा त्यांच्याही रक्तातला रोग. १९७१ पासून त्यांनी त्याची तपासणी हा चळवळीचा कार्यक्रम केला. कार्यकर्ते लोकांना रस्त्यावर गाठून बोटातलं रक्त घेत होते. १९७२ मध्ये तिथं सिकलसेलचा कायदा झाला. आपण डरकाळी उचलली, दवाखाना तिथंच ठेवून आलो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डॉक्टर भावा, ब्रँच तुला पाहिजे ती घे. साचेखात्यात जाच. पण ते १२ आठवडे सही मारून विकू नकोस. ते आपल्या माणसांचे आठवडे आहेत, सरकारी नियमानं दिलेले. आणि कार्यकर्त्यांनो, त्याला फक्त सत्काराला बोलावू नका. तो एकटा काय करील? घरोघर जाऊन यादी तुम्ही करा. कुणाचे सांधे दुखतात, कुणाचं मूल सारखं पिवळं पडतं, कुणाची सोयरीक ठरते आहे, लिहून काढा. माणसं आरोग्य केंद्रापर्यंत तुम्ही आणा. कॉलेजात त्याला कुणी जातीवरून छळलं तर तुम्ही दारात उभे राहा, तो जिवंत असताना. नंतर मेणबत्त्या घेऊन नको.

येत्या १४ एप्रिलच्या डीजेचा खर्च काढा. अर्धा कमी करा. उरलेल्या पैशात किती आयाबाया नागपूरले तपासणीला जाऊन येतील, हा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा. आणि खाली सही करा, एकेकानं.