दोन त्रिकोण म्हणजे वारली चित्र नव्हे!



आज वारली चित्र कुठे नाही ते सांगा! चहाच्या कपावर आहे, मातीच्या फुलदाणीवर आहे, ओढणीच्या काठावर आहे, साडीच्या पदरावर आहे, पडद्यावर आहे. तारप्याभोवती फेर धरलेली माणसं, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, झाडावर चढलेला माणूस आणि त्याच्याकडे टकामका बघणारं माकड. बघितलं की गंमत वाटते. आपल्या पालघर जिल्ह्यातली ही भिंतीवरची कला भांड्यावर आणि कापडावर बसून जगभर गेली, याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

पण याच कलेचं आपण शाळेत काय करतो, याबद्दल आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे. माझं मत असं आहे की आपण मुलांना वारली चित्र शिकवतच नाही. आपण त्यांना दोन त्रिकोण शिकवतो. एक उलटा, एक सुलटा, वर गोल डोकं, बाजूला चार काड्या. झाला माणूस! फळ्यावर शिक्षकांनी काढायचा, खाली चाळीस मुलांनी पट्टीने तसाच उतरवायचा. चाळीस वह्या आणि चित्र एकच. मग प्रश्न पडतो की यात मुलाचं स्वतःचं काय?

ही कला आली कुठून?

मूळ वारली चित्र हे लग्नघरातलं. कुडाच्या भिंतीवर शेणमाती सारवायची, वरून गेरू लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीने चौक काढायचा. हे काम सवाशिणींचं. चौकात पालघट देवी, बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं आणि प्राणी. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागतं. जुन्या बायका चौक ‘काढायचा’ असं म्हणत नाहीत, चौक ‘लिहायचा’ असं म्हणतात. हा शब्द आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांना आपण वर्षानुवर्षे निरक्षर म्हणत आलो, त्या बायका भिंतीवर लिहीत होत्या!

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने इथल्या कलाकारांच्या हातात कागद दिला आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. त्या वेळी पुढे आलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. त्यांचा जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच बंद झालं, असं सांगतात. पुढची काही वर्षं ते मातीत, धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचे. याच मुलाला पुढे 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. 2018 च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांची चित्रं मुलांना मोबाईलवर जरूर दाखवा. शेण सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगात काढलेलं मासे पकडायचं जाळं बघा. हजारो बारीक रेघा, जाळं नुसतं हलतंय असं वाटतं. मुंग्यांची वारुळं बघा. यातलं काहीही पट्टीने आखलेलं नाही. हा माणूस आधी तासन्‌तास बघत असणार, मगच त्याची काडी चालली असणार. म्हणजे कलेचा पहिला धडा त्रिकोणाचा नाही, बघण्याचा आहे.

गप्प बसणारं मूल

आता मुद्द्यावर येते. आपल्या जव्हार-मोखाड्यातल्या पहिलीच्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुलं अशी असतातच, जी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत. घरी वारली, कोकणा नाहीतर ठाकरी बोलणारं मूल शाळेत येतं आणि पुस्तकातली मराठी ऐकून गप्प होतं. आपण नोंदवहीत लिहितो, ‘प्रतिसाद देत नाही.’ ते मूल मठ्ठ नसतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, फक्त आपल्या भाषेत नसतं.

माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलाने एकदा पाटीवर घराएवढा खेकडा काढला. घर बारीक, खेकडा भला मोठा. शेजारचा मुलगा हसला. मी विचारलं, “एवढा मोठा कुठे भेटला रे तुला?” मग सुरू झालं की! ओहोळ, रात्र, बॅटरी, बाबा, दगडाखाली घातलेला हात आणि चावलेलं बोट. सगळं त्याच्या बोलीत, न थांबता. त्यातली पाच वाक्यं मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली आणि खाली पुस्तकी मराठीत लिहिली. तो त्याचा पहिला वाचनपाठ ठरला. खेकडा मोठा का, तर चावला म्हणून मोठा! मी जर त्या दिवशी “पट्टी घे, प्रमाणात काढ” असं म्हटलं असतं, तर ती पाच वाक्यं कधीच आली नसती.

म्हणून मला वाटतं की चित्र हा शनिवारचा वेळ घालवायचा तास नाही. आपल्या भागात ती भाषेची पहिली पायरी आहे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी खर्च लागत नाही. काही सोपे उपक्रम सांगते.

१) आधी बघणं. शिरपामाळावर मुलांना न्या. सुरतेच्या स्वारीला जाताना 1664 च्या सुमारास शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजांनी त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. पण त्याच माळावर भादव्यात कोणती फुलं येतात, हे कोणी विचारत नाही. एकच जागा भादव्यात आणि फाल्गुनात काढायला सांगा. दोन चित्रं शेजारी ठेवली की परिसर अभ्यासाचा पाठ तयार!

२) माती. चिकणमाती आणा, खडे वेचा, थोडा भाताचा तूस मिसळा म्हणजे तडे कमी जातात. पक्षी, बैल, बेडूक, काहीही करू द्या. सावलीत वाळवा, वरून गेरू आणि तांदळाच्या पिठाची नक्षी. न भाजलेली वस्तू पाण्यात विरघळते आणि भाजलेली का विरघळत नाही, हा विज्ञानाचा प्रश्न आपोआप येतो. जगायला गेलेल्या आईबापांबरोबर वीटभट्टीवर राहून परत आलेल्या मुलाला माती किती ओली हवी, हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याने भट्टीवर नाही तर शाळेतच असायला हवं, यात वादच नाही. पण परत आल्यावर “तुझा अभ्यास बुडाला” हे एकच वाक्य त्याला ऐकवण्यापेक्षा एक दिवस त्याला मातीचा गुरुजी करा. बघा कसा खुलतो ते!

३) कापड. जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा चादरीचा तुकडा घ्या. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतो, हे मुलांना माहीत असतंच. तेच पान कापडावर ठेवून दगडाने हलकेच ठोका, शिरांसकट ठसा उठतो. ओढणीवरची नक्षी कुठून येते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

४) आजीला बोलवा. गावात चौक लिहिणारी बाई असेल तर तिला मानाने शाळेत आणा. एक दिवस खुर्ची तिची.

पण वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न मला केंद्रातले सहकारी नेहमी विचारतात आणि तो खोटा नाही. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, वर माहिती भरायची ती वेगळीच. त्यात भाषा-गणिताची चाचणी डोक्यावर. पण वरचे उपक्रम परत वाचा. यात मोजणं आहे, वर्णन आहे, निरीक्षण आहे, वाचन आहे. वेगळा तास नको, आहे त्याच तासाला जोडा. आणि मूल्यमापन करताना ‘चित्र नीटनेटके काढतो’ याऐवजी ‘चित्राबद्दल चार वाक्ये सांगतो’ अशी नोंद करून बघा.

पालकांनो, तुमच्यासाठी

“हे कसलं झाड? झाड असं असतं का?” हे वाक्य कृपया टाळा. त्याऐवजी “मला सांग ना, यात काय चाललंय?” एवढंच विचारा.

आणि वारलीचा कप किंवा ओढणी घेताना ती कोणी रंगवली, हे दुकानदाराला नक्की विचारा. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हातावर पोट असलेल्या कलाकाराचं चित्र आणि यंत्राने छापलेला शिक्का यांत फरक आहे. कला कपावर गेली याला माझी हरकत नाही. काम मिळतं, घर चालतं, चांगलंच आहे. पण कपावर ज्याचं चित्र छापलं जातं, त्याच्याच नातवाला शाळेत ते चित्र पट्टीने उतरवायला लावायचं, हे मला पटत नाही.

या आठवड्यात एक करा. मुलांना कोरा कागद द्या, फळा कोरा ठेवा आणि सांगा, “काल घरी जाताना काय दिसलं ते लिहा, चित्राने.” जे मूल आजवर बोललं नाही, त्याचा कागद सगळ्यात आधी बघा. काय दिसलं ते मलाही जरूर कळवा.