लम्पीचा विषाणू, गाईचा डीएनए आणि आपल्या वस्तीतली भीती

अकोला तालुक्यातल्या एका वस्तीत लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरोघर फिरत होतो. एका काकूंनी गाय दाखवली, पण लस नको म्हणाल्या. "भाऊ, या लशीनं गाईचा डीएनएच बदलते म्हन्तात. मंग दूध कोन घेईन?" मोबाईलवर आलेला व्हिडिओही त्यांनी दाखवला. काकूंना हसून आम्ही पुढे गेलो असतो, तर चूक आमची ठरली असती. कारण प्रश्न रास्त होता. लम्पीचा विषाणू डीएनएचाच आहे आणि लसीत त्याच घराण्यातला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो गाईच्या पेशीत शिरून वाढतोसुद्धा. मग तो नेमका वाढतो कुठे?

आपल्या पेशीचा डीएनए केंद्रकात, म्हणजे कुंपण घातलेल्या आतल्या खोलीत असतो. डीएनए असलेले बहुतेक विषाणू याच खोलीत घुसतात. नागिणीचा विषाणू असाच वाढतो आणि वर्षानुवर्षे मज्जापेशीत दबा धरून बसतो. कावीळ ब चा विषाणू तर कधीकधी माणसाच्या डीएनएत आपला तुकडा जोडून ठेवतो. म्हणजे काकूंची भीती हवेतून आलेली नाही. पण देवी, शेळ्यांची देवी, मंकीपॉक्स, लम्पी हे सगळे पॉक्स घराण्यातले विषाणू वेगळे आहेत. ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यातच आपल्या डीएनएच्या प्रती काढतात. त्यासाठी लागणारी विकरे ते स्वतःच्याच जनुकांवरून बनवतात. सुरुवातीची जनुके वाचायचं यंत्र तर ते येतानाच सोबत घेऊन येतात. पेशीकडून घेतात तो कच्चा माल. पेशीद्रव्यात त्यांचा जणू कारखानाच उभा राहतो, शास्त्रज्ञही त्याला तेच म्हणतात. गाईचा डीएनए कुंपणाच्या आत आणि विषाणूचं काम बाहेर. लसीतला दुबळा विषाणूही बाहेरच थोडाफार वाढतो, शरीर त्याला ओळखून घेतं आणि संपवतं.

या घराण्याची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. फ्लू किंवा करोनासारखं ते झपाट्याने रूप बदलत नाही. शेळ्यांची देवी आणि लम्पी यांचे जनुकसंच सुमारे ९७ टक्के सारखे आहेत, म्हणून २०२२ मध्ये आपल्याकडे गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस देता आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीची लस जाहीर केली. माणसांच्या देवीचंही तेच. आपल्या पणज्या 'देवी आली' म्हणत, मरीआईला नवस बोलत. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि तो रोग गेला लसीने.

२०२२ चा तो पावसाळा वऱ्हाड विसरलेलं नाही. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि बघता बघता अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गोठ्यांत पोहोचला. गुरांचे बाजार बंद झाले. शासनाने मृत दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार, वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. दोन-चार एकरवाला त्यातून कसाबसा सावरतो. भूमिहीन मजुराच्या घरी एकच गाय असते आणि पोरीची फी तिच्याच दुधावर भरली जाते. अफवेने लस चुकली, तर मार पहिला तिथे बसतो.

मेलेल्या जनावराचा प्रश्नही असाच आपल्यापाशी येतो. लम्पीच्या वाळलेल्या खपल्यांत विषाणू दीर्घकाळ तग धरतो, म्हणून जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं लागतं. हे काम पूर्ण गावाचं आहे. 'तुमच्यापैकी दोघं पाठवा' असा निरोप वस्तीत आला, तर महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला का सांगितलं, हे सरपंचांना तोंडावर सांगायची तयारी ठेवा.

लम्पी माणसाला होत नाही, उकळलेलं दूध प्यायला हरकत नाही. तो पसरतो माशा, डास, गोचिडांमुळे. लसीनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून गाठी दिसायची वाट बघण्यात अर्थ नाही.

काकूंना आम्ही अंगणातल्या मातीवर एक मोठं वर्तुळ आणि आत छोटं वर्तुळ काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "सकाळी किती वाजता येते डॉक्टर?"