ज्याची त्याची पिशवी

पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला भंडारदऱ्याला जाऊन तंबूत राहणारी कुटुंबं आता पुष्कळ दिसतात. चांगलंच आहे. पण एक गोष्ट मला खटकते. चौघांचे कपडे एकाच मोठ्या बॅगेत, आणि ती भरणारी, उपसणारी एकटी आई! रात्री टॉर्चच्या उजेडात एका मोज्यासाठी सगळी बॅग पालथी होते. मग तिची सहल कसली? घरचंच काम, फक्त जमिनीवर बसून.

माझ्या मते ज्याची त्याची पिशवी वेगळी हवी, आणि सात-आठ वर्षांच्या मुलानंही आपली आपण भरावी. एका दिवसाचे कपडे एकत्र गुंडाळावेत. झोपायचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, दिवसा त्याला हात लावू नये. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून एक स्वेटर हवाच. ओल्या कपड्यांची पिशवी निराळी; घरी आल्याबरोबर ती उघडावी, नाहीतर कुबट वास सुटतो.

मूल काहीतरी विसरेलच. विसरू दे. पुढच्या वेळी त्याला आठवेल, आणि आईलाही काजवे बघायला मिळतील.